पेपर्ड मॉथ धुराने काळा झाला नाही हो!

ते दोन फोटो परत फिरतायत, एक पांढरट पतंग, एक काळाकुट्ट, आणि खाली लिहिलंय की इंग्लंडमधल्या कारखान्यांच्या धुराने पेपर्ड मॉथने स्वतःचा रंग बदलला. असं काही झालेलं नाही. पांढऱ्यावर मिरपूड भुरभुरल्यासारखा पतंग आणि काळा पतंग, जात एकच, पण कोषातून जसा बाहेर येतो तसाच तो मरेपर्यंत राहतो. काळेपणा जनुकातून येतो, काजळीतून नाही. मँचेस्टरला काळा पतंग 1848 मध्ये नोंदला गेला, मग झाडांची खोडं काजळीने काळी पडली, त्यावर पांढरे पक्ष्यांना पटकन दिसायचे आणि खाल्ले जायचे, काळे वाचायचे, पिल्लावळ त्यांचीच वाढत गेली आणि 1895 पर्यंत तिथे जवळपास 98 टक्के काळेच झाले. पुढे हवा साफ झाली तसे पांढरे परत वाढले.

आता गंमत बघा, रंग खरंच बदलते ती याची अळी! ती हुबेहूब काडीसारखी दिसते, ताठ उभी राहिली की ओळखूच येत नाही, आणि ज्या फांदीवर वाढते तिच्यासारखी हिरवी नाहीतर तपकिरी होते. मागे पायांच्या दोनच जोड्या, म्हणून पाठीची कमान करत चालते. बर्च, ओक, विलो असली पानं खाते, मग मातीत जाऊन कोष करते, हिवाळा तिथेच काढते आणि उन्हाळ्यात पतंग बाहेर येतो, जो काही खात नाही.

आणि पक्षी उठून दिसणारे पतंग वेचून खातात हे दाखवणारा जुना 'प्रयोगच फ्रॉड होता' म्हणणाऱ्यांसाठी, केंब्रिजला 2001 ते 2007 परत तपासलं, पक्षी खरंच तसे वेचून खातात.