भाताची दुसरी मूद

परवाच्या बारशात, सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये, वाढप्याने माझ्या ताटात भाताची दुसरी मूद ठेवली आणि शेजारच्या काकांनी ती चमच्याने उचलून त्याच्या भांड्यात परत टाकली. माझ्या ताटातली! वर तूपही पडलं होतं.

"राग मानू नका, तुमच्याच भल्यासाठी," काका म्हणाले. ओळख ना पाळख. बाही वर करून त्यांनी दंडावरचा साखर मोजणारा सेन्सर दाखवला, मग मोबाईलवरचा साखरेचा आलेख. "ही टेकडी म्हणजे परवाची साबुदाण्याची खिचडी. आणि हे कळसूबाई, पुरणपोळी."

"आणि आजचं?"

"आज श्रीखंड आहे. त्यात प्रोटीन असतं," म्हणत त्यांनी तिसरी वाटी पुढे ओढली.

मी म्हटलं, मी रोज चालतो, पर्वती चढतो. "चालून काय होतंय? कार्ब ते कार्ब!"

आता मात्र राहवेना. अहो, स्नायू कामाला लागले की इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर आत ओढतात. मोठ्या माणसाच्या स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीतली साखर, मावतं. पर्वती चढलेल्या मांड्यांत त्यातली जागा रिकामी झालेली असते, भात तिथे जातो. हा गुण फार तर एक-दोन दिवस टिकतो, म्हणून तर रोज मरायचं. त्या मुदीचं भाडं मी पहाटे उठून भरलं होतं हो!

"व्हॉट्सॲपवर वाचलंत वाटतं," काका म्हणाले.

"चला, खाली पंधरा मिनिटं फिरू. तुमचं कळसूबाई तुमच्याच मोबाईलवर बसताना दाखवतो."

"जेवल्यावर? छे, पोटात दुखतं." आणि काकांनी खुर्चीतच डोळे मिटले.

मी एकटाच निघालो. जेवणानंतर चाला, हे डॉक्टर सांगतात. कुठे, ते सांगत नाहीत. फुटपाथवर स्कूटर, स्कूटर नाही तिथे पाणीपुरी, उरलेल्या जागेत वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स. बागेला दुपारचं कुलूप. कर भरायचा आम्ही आणि बागेत दुपारी फिरायचं कावळ्यांनी. शेवटी परत येऊन सोसायटीच्या पार्किंगमध्येच फेऱ्या सुरू केल्या, तर वॉचमन रजिस्टर घेऊन हजर. 'कामाचं स्वरूप' या रकान्यात मी 'शतपावली' लिहिलं. त्याने ते वाचलं, मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाला, "गेस्टला अलाउड नाही, साहेब. वर जाऊन बसा."