टुमॉरोचं दरवेळी 'द नेक्स्ट डे' होत नाही हो!

'डायरेक्ट-इनडायरेक्टचे ७ सुवर्णनियम, एकदा पाठ करा, आयुष्यात चुकणार नाही' असा एक फॉरवर्ड सध्या फिरतोय, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं इंग्लिशमध्ये आपल्या वाक्यात कसं सांगायचं त्याचे नियम. बाण, फुलं, हिरवे टिकमार्क, सगळं आहे त्यात. एरवी मी बघितलंही नसतं, पण तो माझ्या भाचीपर्यंत पोचला, तिने तो खरोखर पाठ केला आणि परवा त्याचं फळ मला मिळालं.

ती दहावीत आहे, सध्या आमच्याकडे राहते आणि इंग्लिश सुधारायचं म्हणून मेसेज फक्त इंग्लिशमध्ये करते. संध्याकाळी मी ऑफिसात असताना मेसेज आला, 'मम्मी टोल्ड दॅट शी वुड कम देअर द नेक्स्ट डे.' आता ताईने हे सांगितलं कधी? काल सांगितलं असेल तर नेक्स्ट डे म्हणजे आज, म्हणजे ताई आत्ता दारात उभी की काय! फोन केला.

"अगं, नेक्स्ट डे म्हणजे कधी?"

"उद्या."

"मग टुमॉरो लिही ना सरळ."

"मामा, इनडायरेक्टमध्ये टुमॉरो चालत नाही. नियम पाच."

"आणि हे देअर कुठलं?"

"आपलं घर. हिअर पण चालत नाही."

हे ती त्याच घरात सोफ्यावर बसून सांगत होती.

तर आधी नियम पाचच घेतो, कारण सगळ्यात जास्त वाट त्यानेच लावलीय. म्हणे नाऊचं देन, हिअरचं देअर, टुडेचं दॅट डे, टुमॉरोचं द नेक्स्ट डे, 'नेहमी'. अरे नेहमी कसं? हे शब्द बोलणारा कुठे आणि कधी उभा आहे यावर ठरतात. ताई तिच्या घरून म्हणाली 'उद्या येते तिकडे'. भाची ते आजच सांगतेय, म्हणजे ताईचा उद्या आणि भाचीचा उद्या एकच, टुमॉरो तसंच राहणार. आणि ताईचं 'तिकडे' हे भाचीसाठी 'इकडे' आहे, म्हणजे इथे उलट देअरचं हिअर व्हायला पाहिजे! फॉरवर्डमधल्या टेबलच्या बरोब्बर उलटं. हेच ती आठवड्याने सांगत असती तर द नेक्स्ट डे बरोबर ठरलं असतं. मराठीत हे आपण रोज न शिकता करतो. 'उद्या येते म्हणाली' हे आज सांगतो आणि आठवडा उलटल्यावर 'दुसऱ्या दिवशी येते म्हणाली होती' असं सांगतो. कुणी टेबल पाठ केलंय का त्यासाठी?

आता नियम तीन. 'टेन्स नेहमी एक पाऊल मागे, अपवाद फक्त युनिव्हर्सल ट्रूथ.' अर्धं खरं आहे हे मान्य करतो, सेडनंतर इजचं वॉज आणि विलचं वुड हीच मूळ चाल आहे आणि ती केलीत तर सहसा चूक होत नाही. पण अपवाद तेवढाच नाही. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्तविक यांचं १९८५ साली निघालेलं 'अ कॉम्प्रिहेन्सिव्ह ग्रामर ऑफ द इंग्लिश लँग्वेज' नावाचं पावणेदोन हजार पानांचं धूड आहे, इंग्लिश व्याकरणाच्या वादात लोक शेवटी तिथे जातात. त्यात स्पष्ट आहे की मूळ बोलणं सांगतानाच्या वेळीही लागू असेल तर टेन्स मागे नेणं ऐच्छिक आहे. ऐ-च्छि-क. म्हणजे मैत्रीण सकाळी म्हणाली 'माय ब्रदर इज इल' आणि भाऊ अजून आजारीच आहे, तर दुपारी 'शी सेड हर ब्रदर इज इल' बरोबर आणि वॉजही बरोबर. कुणाचा भाऊ आजारी असणं हे काही युनिव्हर्सल ट्रूथ नाही, तरी चालतं.

मला यातली खरी गंमत वाटते ती वेगळीच. 'कोपर्निकस सेड दॅट द अर्थ गोज राउंड द सन' यात गोज ठेवलं की सांगणारा स्वतःही त्याला मान डोलावतो. पण सूर्यच पृथ्वीभोवती फिरतो असं मानणाऱ्या टॉलेमीचं सांगताना 'द सन वेंट राउंड द अर्थ' असंच म्हणावं लागतं, कारण तिथे गोज म्हटलं तर तुम्हीही अजून तेच मानता असा वास येतो. म्हणजे टेन्स मागे नेऊन 'हे त्याचं म्हणणं, माझं नाही' असं हात झटकता येतात. आपल्याकडे हे काम 'म्हणे' करतं, 'सूर्य फिरतो म्हणे'. इतकी छान गोष्ट, आणि फॉरवर्डवाल्याने तिचा पाढा करून टाकला.

साध्या पास्टचं हॅड करायलाच पाहिजे हेही त्याच नियमात घुसडलंय. 'द वॉर एंडेड इन १९४५' हे सर म्हणाले तर एंडेड खुशाल राहू द्या, साल दिलंय, गोंधळ कसला होणार?

नियम एक, 'इनव्हर्टेड कॉमा काढा, दॅट लावा, नेहमी'. सेडनंतर दॅट गाळलं तरी चालतं हे एक. पण जास्त नुकसान प्रश्नांत होतं. आपण मराठीत 'तो म्हणाला की' आणि 'त्याने विचारलं की', दोन्हीकडे की लावतो, त्यामुळे हात आधीच दॅटकडे जातो आणि वर हा नियम! मग पोरं लिहितात 'ही आस्क्ड दॅट व्हेअर वॉज आय गोइंग'. दॅट नको, आणि वॉज आयचं आय वॉज करा. 'ही आस्क्ड व्हेअर आय वॉज गोइंग.' संपलं.

नियम दोन, सेड टूचं टोल्ड. ठीक आहे, पण टोल्डला कुणाला सांगितलं ते लागतं, हे त्याने लिहिलंच नाही. म्हणून भाचीचं 'टोल्ड दॅट'. टोल्ड मी दॅट, किंवा मग नुसतं सेड.

नियम चार, मस्टचं नेहमी हॅड टू. नाही. 'यू मस्ट बी टायर्ड' यात सक्ती नाही, अंदाज आहे, त्याचं 'शी सेड आय मस्ट बी टायर्ड' असंच होतं. हॅड टू केलंत तर जणू दमण्याची ऑर्डरच निघालीय.

नियम सहा, आय सब्जेक्टप्रमाणे, यू ऑब्जेक्टप्रमाणे, बाकीचे तसेच. हा चालतो, नाइलाजाने का होईना मार्क देतो. 'तो म्हणाला की मी येतो' असं आपण मराठीत सर्रास म्हणतो, त्यामुळे इंग्लिशमध्ये आयचं ही करायचं राहून जातं, तिथे ही युक्ती कामाची आहे.

नियम सात, हुर्रे दिसलं की 'एक्स्क्लेम्ड विथ जॉय'. परीक्षेबाहेर असं बोलताना मी अजून कुणाला ऐकलेलं नाही, पुढे चला.

आता कुणी म्हणेल पेपरात तर हेच टेबल लागतं. लागतं, बाबा. पेपरातल्या वाक्याला ना गाव ना तारीख, कोण कधी कुठे सांगतंय ते कळत नाही, म्हणून 'नंतर आणि दुसरीकडे' असं धरून सगळं बदलायचं. भाचीलाही मी हेच सांगितलं, पेपरात बदल, मला मेसेज करताना बदलू नकोस.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा मेसेज आला, 'मम्मी सेज शी इज स्टक इन ट्रॅफिक.' सेज असल्यावर टेन्सला हातच लावायचा नसतो, आणि हे त्या सात नियमांत कुठेच नव्हतं.