टाकीत सोडायचा कॅमेरा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीतल्या सॉल्व्हंटच्या (ज्वलनशील द्रावकांच्या) टाक्यांच्या तपासणीवर मी लिहिलेल्या लेखावर आपण परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. दोन हजारांत मिळणारा आयपी६७ (धूळ-पाणी अडवणारा) कॅमेरा पाच व्होल्टवर चालतो, पाण्यातही बुडवता येतो, टाकी तर रिकामीच असते. मग स्फोटक वातावरणासाठी प्रमाणित अशा महागड्या कॅमेऱ्यांची भलामण ही जाहिरातच नव्हे का, असा आपला सवाल आहे.

जाहिरातीचे एका वाक्यात उरकतो : कोणत्याही विक्रेत्याशी माझा संबंध नाही.

‘रिकामी’ या शब्दापाशी मात्र मी अडलो. टोल्युइनसारखे सॉल्व्हंट उपसून घेतले तरी तळाच्या गाळात आणि भिंतींवर ते थोडेफार राहतेच. टोल्युइनची वाफ हवेत साधारण १.१ ते ७.१ टक्के असेल तर पेट घेते, आणि आपल्याकडच्या ३० अंशांच्या उन्हाळी हवेत, बंद टाकीत उरलेल्या द्रवावर वाफेचे प्रमाण पावणेपाच टक्क्यांच्या आसपास जाऊन थांबते. म्हणजे मॅनहोल उघडून आपण कॅमेरा सोडतो, तो नेमका पेटण्याजोग्या मिश्रणात.

आता पाच व्होल्ट. हे मिश्रण पेटायला मिलीज्यूलच्या पाव भागाइतकी ठिणगी पुरते. उलट दोन हजार मिलीअँपिअर-तासांच्या साध्या लिथियम सेलमध्ये सव्वीस हजारांहून अधिक ज्यूल साठलेले असतात. आयपी६७ हा आकडा धूळ आणि पाणी अडवण्यापुरताच आहे. आतली वायर तुटली, सेल शॉर्ट झाला किंवा एलईडीमागची पट्टी तापली तर काय होईल, याबद्दल तो काहीच सांगत नाही. स्फोटक वातावरणासाठीच्या ‘एक्स आयए’ प्रकारच्या उपकरणात दोन बिघाड एकाच वेळी झाले तरी ठिणगीची ऊर्जा पेटण्याच्या मर्यादेखाली राहील अशी सर्किटची रचना असते. टाकीच्या आतल्या भागाला, म्हणजे पेटणारी वाफ सतत असू शकते अशा झोन ० ला, तेच लागते. शिवाय स्वस्त कॅमेऱ्याची लांब प्लॅस्टिकची केबल मॅनहोलच्या काठावर घासत ओढली की तिच्यावर स्थिर वीज साठते, हे सहसा कोणाच्या ध्यानातही येत नाही.

प्रमाणपत्र म्हणजे कागद, हे आपले म्हणणे अर्धे खरे आहे. एका कारखान्यात पंपाशेजारचा फ्लेमप्रूफ कॅमेरा मी जवळून पाहिला होता. आत स्फोट झालाच तर झाकणाच्या सांध्यातल्या अरुंद फटीतून बाहेर पडताना ज्वाला थंड व्हावी, यावर त्या पेटीची सगळी भिस्त असते. खाऱ्या वाऱ्याने दोन बोल्ट गंजून गळाले होते आणि पावसाचे पाणी शिरू नये म्हणून कोणीतरी त्या सांध्यात सिलिकॉन भरले होते. पेसो या केंद्र सरकारच्या स्फोटक-सुरक्षा संस्थेच्या मान्यतेची पाटी मात्र शाबूत होती.

टाकी धुऊन, हवा खेळवून, गॅस मोजून परमिट दिल्यावर साधा कॅमेरा वापरता येतो, हा आपला मुद्दा मला मान्य आहे. फक्त गाळ ढवळला गेला की वाफ पुन्हा उठते, म्हणून मोजणी काम संपेपर्यंत चालू ठेवावी लागते.

राहिला शेवटचा टोला : ‘तुमचा फ्लेमप्रूफ कॅमेरा मॅनहोलमधून जाणार तरी कसा?’ तिथे आपण मला बरोबर पकडले. फ्लेमप्रूफ पेटी सहसा झोन १ साठी, म्हणजे वाफ अधूनमधून येऊ शकते अशा जागेसाठी असते, टाकीच्या पोटात सोडण्यासाठी नव्हे. फ्लेमप्रूफ कॅमेरा टाकीत सोडण्याचे लेखातले वाक्य चुकले होते. ते आज दुरुस्त केले आहे.