खंडणी भरल्याने धंदा पूर्ववत होत नाही

इंदूरच्या मराठी व्यावसायिकांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरत आहे: रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप लावून ते उघडण्यासाठी खंडणी मागणारे सॉफ्टवेअर, हे मोठ्या कंपन्यांचे दुखणे आहे, लहान व्यावसायिकाने अँटीव्हायरस आणि बॅकअप ठेवावा आणि फायली अडकल्याच तर मागतील ते देऊन मोकळे व्हावे. हा सल्ला व्यवहारी वाटतो, म्हणूनच तो घातक आहे.

लहानांकडे कोणी फिरकत नाही, हे खरे नाही. हल्लेखोरांची यंत्रे इंटरनेटवर उघडी राहिलेली दारे अखंड चाचपत असतात. मे २०१७ मध्ये दीडशेहून अधिक देशांत पसरलेला वॉनाक्राय हा रॅन्समवेअर विंडोजमधल्या ज्या त्रुटीतून शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. आणि त्याची सुरुवातीची मागणी प्रत्येक संगणकामागे ३०० डॉलर, म्हणजे लहानांच्याच खिशाच्या मापाची होती. मुनीमजींना घरून टॅली उघडता यावी म्हणून आपल्याकडे सर्रास खुले ठेवलेले रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून संगणक चालवण्याची सोय, हे असेच एक दार आहे. चोरलेला पासवर्ड वापरून कोणी रीतसर आत आला आणि त्याने अँटीव्हायरसच बंद केला, तर त्या अँटीव्हायरसचा काय उपयोग?

बॅकअपविषयी मात्र मला सविस्तर सांगितले पाहिजे. सांवेर रोडवरील एका छोट्या कारखान्यात मालक रोज संध्याकाळी न चुकता बॅकअप घेत असत. पण ती हार्डडिस्क संगणकाला कायम जोडलेली असे. हल्ला झाल्यावर मी ती तपासली तेव्हा संगणकावरच्या फायलींप्रमाणे तिच्यातल्या फायलींच्या नावांनाही तेच अनोळखी शेपूट लागलेले होते आणि प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणीची तीच चिठ्ठी होती. जीएसटी पोर्टलवरून भरलेल्या विवरणांतली बिले मिळाली, परंतु कोणाकडे किती उधारी आहे हे पोर्टलला ठाऊक नसते. बिलबुके आणि बँकेचे उतारे समोर ठेवून दोन माणसे कित्येक दिवस खाती जुळवत होती, आणि जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून ‘तुमच्याकडे आमचे किती निघतात?’ असे विचारणे मालकांना फार जड गेले. खरा खर्च हा आहे, आणि तो खंडणीच्या आकड्यात दिसत नाही.

पैसे देऊनही तो टळत नाही. अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन या इंधनवाहिनी कंपनीने २०२१ मध्ये ७५ बिटकॉइन, म्हणजे सुमारे ४४ लाख डॉलर मोजले. मिळालेले कुलूप उघडण्याचे साधन इतके संथ निघाले की कंपनीला आपल्याच बॅकअपकडे वळावे लागले. शिवाय हल्लेखोरांनी डेटाची प्रत चोरून नेली असेल, तर ती त्यांनी खरोखर पुसून टाकली, याची खात्री कोणीही देऊ शकत नाही.

त्यापेक्षा दोन हार्डडिस्क आलटूनपालटून वापराव्यात आणि एक नेहमी घरी ठेवावी. रिमोट डेस्कटॉप इंटरनेटवर थेट उघडे न ठेवता व्हीपीएन, म्हणजे फक्त ओळखीच्यांसाठीच्या सुरक्षित खाजगी जोडणी, मागे न्यावे आणि त्याला ओटीपीसारखी दुसरी पायरी लावावी. हल्ला झालाच तर आधी नेटवर्कची केबल काढावी, घाईने फॉरमॅट करू नये, १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार करावी आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांच्या आत कळवावे. हे २०२२ पासून बंधनकारक आहे. आणि महिन्यातून एकदा, घरी ठेवलेल्या डिस्कवरचा डेटा दुसऱ्या संगणकावर चढवून त्यातले एखादे बिल उघडते का, हे स्वतः पाहावे.