फेब्रुवारीतले तीनशे रुपये

शनिवारी संध्याकाळी आमचा कट्टा बीएमसीसी रोडवर भरतो. भरतो म्हणजे काय, दोन दुचाक्या, एक बसकी भिंत आणि समोरच्या टपरीवरचा चहा. कॉलेज सुटून तीस वर्षं झाली, तरी भांडणं तीच.

परवा सुरुवात सुन्यानं केली. हिंजवडीहून दीड तास ट्रॅफिकमध्ये काढून आला होता, त्यामुळे आधीच तापलेला. "आपण टॅक्स भरायचा आणि यांनी वाटायचा. लाडक्या बहिणींना महिन्याला 1500, वर रेशन फुकट. उद्या कामाला कोण येणार?"

"तुझ्याकडच्या मावशींनी सोडलं का काम?" अनघानं विचारलं.

"सोडलं नाही, पण गेल्या आठवड्यात दोन दिवस दांडी."

आता हे मला ठाऊक होतं, कारण त्याच मावशी आमच्याकडेही येतात. ती दांडी नव्हती, त्या रेशन दुकानात होत्या. दुसऱ्या दिवशी मीच त्यांना गाडीवरून नेलं होतं. त्यांचा अंगठा उठत नाही. चार घरची भांडी घासून घासून बोटांवरच्या रेघाच पुसट झाल्यात. मशीनवर अंगठा ठेवला, लाल दिवा. पदराला पुसून ठेवला, परत लाल. मग दुसरं बोट, मग तिसरं. मागच्या रांगेतून कुणीतरी "चला ओ मावशी" केलं. दुकानदारही बिचारा घामाघूम. शेवटी "उद्या या" म्हणाला. माणशी 5 किलो धान्य, त्यासाठी दोन दिवसांचा खाडा.

"हे वाईटच आहे," सुन्या म्हणाला. मनानं तो चांगला आहे, फक्त हिंजवडीहून आल्या आल्या नाही.

अनघानं पुढचं सांगितलं. सीएच्या ऑफिसात आयुष्य गेल्यामुळे तिला आकडे तोंडपाठ असतात. शहरात स्वस्त धान्याच्या यादीत यायचं तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 59,000 च्या आत हवं. म्हणजे महिन्याला पाच हजारांहूनही कमी. मावशी चार घरचे मिळून नऊ हजार आणतात. पुण्यात नऊ हजारांत काय होतं ते सांगायला नको, खोलीचं भाडंच निम्मं खातं. पण खरं बोललं तर कार्ड जातं. म्हणून दाखला काढून देणारा एजंट विचारतो, "किती टाकायचे?" आणि वस्तीतल्या सगळ्यांचं उत्पन्न एकसारखं 48,000 निघतं.

सुन्यानं टाळीच दिली. "म्हणजे बोगस लाभार्थी! मी तेच म्हणतोय."

इतका वेळ दत्ता गप्प होता. तो सांगोल्याकडचा. बोलतो कमी, पण बोलायला लागला की चहा गार होतो. "मावशी बोगस नाहीत रे, गरिबीची रेघ बोगस आहे. आणि रेघ हा प्रकार सुरू कुठं झाला ठाऊक आहे का? ह्या इथं." त्यानं गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या दिशेनं हात केला.

त्याचं खरं आहे. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या अर्थतज्ज्ञांनी तिथंच बसून 1971 मध्ये देशाच्या गरिबीचा हिशोब मांडला. माणसाला दिवसाला 2250 कॅलरी मिळायच्या तर 1960-61 च्या भावानं खेड्यात महिना 15 आणि शहरात साडेबावीस रुपये खर्च करता यायला हवा. आताचे 59,000 त्यांचे नव्हेत, तो दोष त्यांच्या माथी नको. शिवाय लोक अर्धंच सांगतात. रेघेखालच्यांना हाताला काम द्या, सरकारनं ग्रामीण कामं काढावीत, असंही त्यांनीच सांगितलं होतं.

"आणि पुढच्याच वर्षी दुष्काळ," दत्ता म्हणाला. बहात्तरच्या दुष्काळात त्याची आई खडी फोडायला जायची. थोरला भाऊ बाभळीला बांधलेल्या झोळीत. दुपारी सुकडी मिळायची, त्यातली निम्मी ती फडक्यात बांधून घरी आणायची. बोटाला दगड लागून नख गेलं, ते पुन्हा सरळ उगवलंच नाही. "पण एक सांगतो. मुकादमानं आईला कधी विचारलं नाही की बाई, तुझं उत्पन्न किती. दाखला नाही, कार्ड नाही. उन्हात दगड फोडायला आली, म्हणजे गरज आहे. संपलं."

मला हे कधी सुचलंच नव्हतं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पाग्यांनी 1965 मध्ये तासगावात करून पाहिलेली, पुढं 1977 मध्ये कायदा झालेली रोजगार हमी ही अशी होती. गरीब कोण हे साहेबानं ठरवायचं नाही, ज्याला पाहिजे त्यानं येऊन काम मागायचं. ज्याचं बरं चाललंय तो त्या मजुरीसाठी फिरकणारच नाही.

"आणि हजेरीपटावर मेलेल्या माणसांची नावं?" सुन्यानं नेमकं बोट ठेवलं. "दरवर्षी तोच रस्ता, पावसाळ्यात वाहून जाणार."

"ते झालंच की," दत्तानं सरळ कबूल केलं. "आमच्याकडं एक रस्ता तीनदा झाला. पण 1990 नंतर त्याच पैशांतून फळबागा आल्या. डाळिंब आलं. माझी कॉलेजची फी डाळिंबातून गेली, लेका."

मग अनघानं सुन्याला मोबाइलवर पगाराची स्लिप उघडायला लावली. "पीटी दिसतंय का? 200?"

"प्रोफेशनल टॅक्स. दर महिन्याला जातो."

"तो 1975 मध्ये रोजगार हमीसाठीच लावला. शहरातल्या नोकरदारानं द्यायचा आणि खेड्यातल्या मजुराला काम मिळायचं. दत्ताच्या गावच्या डाळिंबात तुझ्या वडिलांचे पैसे आहेत."

सुन्या स्क्रीनकडे बघत राहिला. तेवीस वर्षं कापला जातोय आणि त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. मी तरी कुठं विचारलं होतं?

"बरं, पण मावशींचं काय?" तो म्हणाला. "रोजगार हमी 2005 मध्ये देशभर गेली ती खेड्यांपुरती. पुण्यात कुठाय?"

इथं मात्र सगळेच अडकलो. केरळनं 2010 मध्ये शहरांसाठी अशी योजना काढली, राजस्थाननं 2022 मध्ये. अनघाचं म्हणणं, पुण्यातही काढा. सुन्या म्हणाला, पुण्यात खणायला काय उरलंय, खड्डे तर तयारच आहेत. "मग बुजवू की!" दत्ता म्हणाला. मला विचाराल तर मावशींना काम हवंच आहे असं नाही, काम त्यांना भरपूर आहे. त्यांना रजेचा पगार हवाय आणि पन्नाशीनंतर गुडघे गेल्यावर हातात काहीतरी. माथाडी हमालांना 1969 च्या कायद्यानं बोर्ड मिळालं, मजुरीवर मालकानं वरून भरायची लेव्ही बसली, भविष्य निर्वाह निधी आला. तसं चार घरच्या चार मालकांकडून लेव्ही घ्या म्हटल्यावर सुन्या लगेच म्हणाला, "आणखी एक कापा!"

टपरीवाला ग्लास गोळा करायला आला. सुन्या अजून स्लिपा चाळत होता. "अरे, पण फेब्रुवारीत 300 का?"

"घटनेत मर्यादा आहे, वर्षाला 2500," अनघा म्हणाली. "अकरा महिने 200 म्हणजे 2200, उरले 300 फेब्रुवारीत."

"आणि ही मर्यादा कधीची?"

"1988 ची."

"तेव्हा चहा केवढ्याला होता रे?" सुन्यानं टपरीवाल्याला विचारलं. टपरीवाला अठ्ठ्याण्णवचा जन्म. तो म्हणाला, चार झाले, साठ रुपये द्या.