कन्नड श्रुतलेखनावरून निदान नको

कन्नड श्रुतलेखनात मागे पडणारी मुलं शिकण्यातल्या अडचणींवरच्या एका लेखात थेट 'डिस्लेक्सिया'त (वाचन-लेखनाच्या जन्मजात अडचणीत) ढकलली आहेत, ते काही पटलं नाही. बेळगाव-खानापूरकडचं मराठी शाळेतलं मूल कन्नडमधल्या ऱ्हस्व-दीर्घ 'ए'त गोंधळतं, कारण मराठीत तो भेदच नाही. ओत्तक्षरही (कन्नडमध्ये अक्षराखाली लिहायचं जोडाक्षर) चुकतं. हा सरावाचा प्रश्न. आधी डोळे-कान तपासा, मग एक इयत्ता खालचा अनोळखी मराठी उतारा वाचायला लावा (पुस्तकातला नको, तो पाठ असतो!). जोडीला 'गिमळ', 'टोसुक' असे निरर्थक शब्द. तिथेही अडखळलं, तरच डिस्लेक्सियासाठी निम्हान्सची (बंगळूरच्या मानसिक आरोग्य संस्थेची) चाचणी. तीही ८ वर्षांच्या आत नको. आणि चाचणी कुठल्या भाषेत घेतली हे अहवालात नसेल, तर शाळेने तो सरळ परत पाठवावा.