वाफ दिसते एका जागी आणि खड्डे पडतात दुसऱ्या जागी, त्याबद्दल

नमस्कार सर. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की पंपाच्या कॅव्हिटेशनच्या (प्रेशर कमी झालं की पाण्यात वाफेचे बुडबुडे होण्याच्या) सिम्युलेशनमधे वाफ ब्लेडच्या इनलेटकडच्या कडेला दिसते पण इंपेलरवर, म्हणजे पंपाच्या फिरत्या चाकावर, खड्डे तिथून बरेच पुढे पडलेत, म्हणजे मॉडेलच चुकलं, शिवाय दुसरीकडे हेच काम दोन दिवसात होतं.

खड्डे पुढे आहेत हे बरोबरच आहे, रिपोर्टमधेही तेच आहे. बुडबुडा तयार होतो तिथे धातूला मार बसत नाही, तो पाण्याबरोबर वाहत जातो, प्रेशर परत वाढलं की कोसळतो, आणि ब्लेडला लागून कोसळला तर पाण्याची बारीक धार थेट धातूवर आदळते. त्यामुळे वाफेच्या रंगीत चित्रावरून खड्ड्यांची जागा ठरत नाही, बुडबुड्यांच्या ढगाचं शेपूट कुठे तुटतं ते बघावं लागतं. ब्लेडवरच्या प्रेशर पीकचं चित्र त्याच्यासाठीच वेगळं दिलंय, कृपया ते एकदा उघडून बघा.

आता वेळ. स्टेडी रन (वेळेनुसार बदल न धरणारा) दोन दिवसात होतो हे खरंय, पण त्यात ढग तुटणं दिसणारच नाही. ट्रान्झियंट, म्हणजे क्षणाक्षणाचा बदल धरणारा रन करूनही साधं के-एप्सिलॉन हे टर्ब्युलन्सचं (खळबळीचं) मॉडेल लावलं तर पाणी-वाफेच्या मिश्रणात टर्ब्युलंट व्हिस्कॉसिटी, म्हणजे खळबळीमुळे येणारा जादा चिकटपणा, नको इतकी वाढते, ढगाखालून उलटी येणारी धार मधेच मरते आणि वाफेचा एक शांत पट्टा चिकटून राहतो, म्हणून आम्ही ही व्हिस्कॉसिटी कमी करणारं रेबूचं करेक्शन घातलं आणि टाइम स्टेप (दोन हिशोबांमधलं वेळेचं अंतर) बारीक ठेवली. त्यात पाणी आणि वाफेच्या घनतेत हजारो पटींचा फरक, सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम) सांभाळून चालवावा लागतो, घाई केली की आकडे भरकटून रन उडतो.

अजून एक, तुमचं पाणी ६० डिग्रीचं आहे. ज्या प्रेशरखाली पाण्याची वाफ होते ते व्हेपर प्रेशर २५ डिग्रीला ३.१७ किलोपास्कल असतं, ६० ला जवळपास १९.९, म्हणजे सहापट. हा आकडा न बदलता कोणी रन दिला तर वाफ खूपच कमी दिसेल, त्या दोन दिवसांच्या रिपोर्टमधे कुठलं तापमान घेतलंय एवढं नक्की विचारा.

वाफ किती वेगाने होते आणि परत पाणी होते ते ठरवणाऱ्या झ्वार्ट मॉडेलचे ५० आणि ०.०१ हे गुणांक अनुभवातून आलेले आहेत, त्यांच्यावर डोळे झाकून विसंबायचं नाही म्हणून तुमच्याच टेस्ट बेंचच्या ३ टक्के हेड ड्रॉपशी (कॅव्हिटेशनमुळे पंपाचा हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, ३ टक्के घटते त्या बिंदूशी) आधी ताळा केला आणि मगच पुढे गेलो. इंपेलरचे खड्ड्यांचे फोटो मापासकट पाठवा, प्रेशर पीकच्या चित्रावर ठेवून तुमच्यासमोर जुळवून दाखवतो, वेगळा चार्ज नाही.